कबूतर की मासा

एकतीस वर्षं ग्दिनियाच्या गोदीत जहाजं सांधली.
खरी. पोटात कोळसा भरून जाणारी.
आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ब्रेडच्या डब्याला खेटून,
न उडणारी जोडतो.

हे सातवं.
रविवारच्या जुन्या बाजारात मिळालं, बुटांच्या खोक्यात,
कुण्या पोराचे दात उमटलेले तुकडे तसेच.
चाळणीत धुतले, वर्तमानपत्रावर वाळवले,
पिवळे पडलेले पांढरे औषधाच्या पाण्यात बुडवून
खिडकीत उन्हाला ठेवले.
इथलं ऊन! नऊ दिवस लागले.

जहाजाला ना कणा, ना तळ.
आमच्या मुकादमाने आराखडा तोंडावर फेकला असता.
सिनेमात ते अडीच मिनिटं दिसतं, मग फुटतं.
मारिओला त्याआधीच झोपली होती, माझ्या खांद्यावर,
हॉलमधला हीटर बंद, दोघांत एक कोट.
परतताना ट्रॉलीबसमध्ये विचारलं,
त्या जहाजाचं काय झालं?
पोचलं, म्हणालो.
पुढे बावीस वर्षं ते पोचलेलंच राहिलं.

अडचण रंगाची आहे.
कारखान्याने मध्येच कधीतरी करडा बदलला.
जुना करडा, नवा करडा:
जमवणाऱ्यांना झोपेतही कळतो फरक,
मला जागेपणीही नाही.
आणि खोक्यात दोन्ही मिसळलेले.
ठिणग्यांनी डोळ्यांतून काय काय नेलं
त्याची यादी गोदीच्या डॉक्टरने कधी केली नाही.

म्हणून सोलोमिया येते, चौथ्या मजल्यावरून.
वय नऊ. आई मासळीच्या कारखान्यात, दुसरी पाळी.
तिला आमचे वीस शब्द येतात.
मला शाळेत शिकवलेली रशियन येते,
ती तिला ऐकायची नाही.
एकदा बोललो, तर टेबलाखाली गेली,
वर आली ती थेट हरवलेली बिजागरी घेऊन.

पण हे जोडणीचं पुस्तक!
दोनशे सहा पानं आणि अक्षर नाही एकही.
बाण, आकडे, चित्रं.
इथे आम्ही दोघं सारखेच साक्षर.
मी तुकडा उचलतो, ती निवाडा देते:
कबूतर. म्हणजे जुना, बाहेर लावायचा.
मासा. म्हणजे नवा, निळसर, आत दडवायचा.
विसातले दोन शब्द असे कामी आले.
कबूतर. कबूतर. मासा.

पान एकशे बाराला कळलं, पान चाळीसला चुकलंय.
एक पट्टी, एका दाण्याने डावीकडे.
माझ्या तोंडून गोदीतला शब्द गेला
(तो तिचा एकविसावा).
लोखंडात चूक म्हणजे कापा, घासा, पुन्हा वितळवा,
सांध्याचा एक्स-रे काढा, मुकादमाचं तोंड बघा.
इथे नारिंगी पाचर सरकवायची,
आणि खट्.
तिला जोडण्याहून उकलायला जास्त आवडतं.
तुकडे उलट्या क्रमाने रांगेत मांडते,
एकही सांडू देत नाही,
जणू कुणीतरी घाईत, दारात उभं राहून, तिला सांगितलंय
आधी काय, शेवटी काय.

साडेनऊला उरलेलं जहाज उचलून
तिने साखरेच्या भांड्यावरून उडवलं,
माझ्या गोळ्यांच्या डबीवरून, गळक्या नळावरून.
मग हवेतच थांबली. भुवया वर.
कुठे जातं हे? काय होतं याचं?
मूठ मिटून फाडकन उघडली असती तरी पुरलं असतं.
धडाम सगळ्या भाषांत सारखंच.

पोचतं, म्हणालो.

हा शब्द तिला येत नव्हता.
दोनदा म्हणायला लावला.
मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली,
रंग ठरवताना तुकडा दिव्याखाली धरते तसं,
आणि पान उलटलं.

एक्केचाळीस.
चार कबुतरं, एक मासा.